सहअर्जदार

बँकेनं पाठवलेला पोरगा घर मोजायला आला,
हातात लाल ठिपका फेकणारं यंत्र.
भिंतीवर ठिपका, आकडा. ठिपका, आकडा.
मोरी मोजली. देव्हाऱ्यापाशी थबकला,
चपला दारात काढल्या होत्या तरी
एकदा पायांकडं बघून घेतलं.
मग शिडीनं गच्चीवर,
जिथं अजून काहीच नव्हतं:
आईचे सांडगे, टाकीचं झाकण,
आणि चारी बाजूंनी कोपरखैरण्याचे
आमच्यावरून वाकून बघणारे मजले.

आप्पा म्हणाले, इथं खोली. खिडकी पूर्वेला.
पोरगा म्हणाला, काका, नसलेलं धरता येत नाही,
आहे तेवढ्याचीच किंमत लागते.

चौतीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटात गोणी वाहिलेला माणूस,
हप्ता त्याला आकड्यात ऐकू येत नाही.
अकरा हजार सहाशे शेहेचाळीस, मी वाचलं,
तर बोटांच्या पेरांवर गोण्या लावत बसले.
एकशे वीस महिने, मी म्हणालो.
पेरं संपली.
वय सदुसष्ट.
सत्तरीपुढं बँक कुणाला ओळखत नाही,
म्हणून अर्जावर माझं नाव,
म्हणून माझी सही.

कर्जाचं कारण, असा एक रकाना होता.
एजंटानं न विचारताच भरला: घराचा विस्तार.
वैजूचं नाव कुठंच आलं नाही.
वैजू, फाल्गुनात आलेली,
एक बॅग, शिलाई मशीन, नऊ वर्षांची स्वरांगी.
चार दिवसांसाठी आलेय, म्हणाली होती.
ते चार दिवस अजून
आमच्या बाहेरच्या खोलीत
टीव्हीखाली अंथरलेले.

मी तीन दिवस सही केली नाही.
व्याजदर काढला, पावसाळा काढला, वाळूचे भाव काढले,
पालिकेचा नकाशा किती दिवसांत मंजूर होतो ते काढलं.
चौथ्या रात्री जेवताना शेवटी तोंडातून गेलंच:
खोली नक्की कुणाच्या नावावर राहणार?

आमटी वाढणारा वैजूचा हात थांबला नाही.
आमटी मात्र भात ओलांडून
ताटाच्या काठापर्यंत गेली.

आप्पांनी तांब्या खाली ठेवला.
म्हणाले, गोणी उचलताना
आत काय आहे, कुणाचं आहे, असं विचारत बसलो असतो
तर ह्या पंचवीस मीटरला दार लागलं नसतं.
मग तिच्याकडं वळून:
त्याला भात घाल अजून.

सत्तावीस ठिकाणी सही केली.
आईनं तांदळाच्या डब्यातून सिडकोचं पत्र काढलं,
घडीत वेखंडाची पूड, झटकली नाही.
काउंटरवरच्या बाईला विचारलं,
तिकडं ओल तर नसते ना?
बाई म्हणाली, सगळं बेलापूरला, कपाटात.
तेव्हापासून घर इथं, कागद बेलापूरला.
तांदूळ काढताना आईचा हात अजून
एका बाजूनं जपून जातो.

स्लॅब पडला. खिडकी पूर्वेलाच झाली.
वैजू सकाळी महाप्याला पॅकिंगला जाते,
रात्री वर मशीन चालतं,
माझ्या उशीच्या बरोबर वर, साडेबारापर्यंत.
दर महिन्याच्या चार तारखेला
माझ्या खात्यात पैसे येतात:
अकरा हजार सहाशे शेहेचाळीस.
पाच तारखेला बँक नेते.
रुपया इकडं नाही, तिकडं नाही.
तिनं मला कधी सांगितलं नाही, मी तिला विचारलं नाही.

आप्पा नाक्यावर चहा पितात,
जुन्या टोळीतले चारजण असतात.
आमच्या पोरानं मजला चढवला, म्हणतात,
पाठीला बरा निघाला.
घरी येऊन जेवताना तेच पुन्हा सांगतात,
तिच्यासमोर.
ती आमटी वाढते.
मी भात कालवत राहतो.